लिनबाबांचा प्रश्न

आमच्या खोलीची उजवीकडची भिंत पहाटे वाजायची. टक, टक, टक, अगदी एका लयीत, घाई नाही की थांबणं नाही. नवीन राहायला गेलो तेव्हा आईला वाटलं उंदीर लागलेत. तिने आठ दिवस पिठाच्या डब्यावर वरवंटा ठेवला. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं पलीकडचा म्हातारा अडकित्त्याने सुपारी फोडतो. ते म्हणाले, "एवढी सुपारी खानारा मानूस शेजारी लाभला म्हंजी आपली चंचीबी त्याच्यापाशीच जानार." सिधू, माझा थोरला भाऊ, तेव्हा बावीस वर्षांचा. तो ढोल वाजवला तरी उठत नसे, त्यामुळे या बाबतीत त्याचं काही मत नव्हतं. मी सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली, आणि माझं अंथरूण नेमकं त्या भिंतीला लागून. मी ठोके मोजले. रोज छत्तीस. त्यानंतर थोडी शांतता, मग कुणीतरी तीनदा सावकाश काहीतरी गिळल्याचा आवाज, आणि मग तळहातावर तळहात घासल्याची सरसर. भिंत एकाच विटेची होती. पलीकडच्याने उसासा टाकला तरी अलीकडे कळायचं.

चिंचवड स्टेशनच्या मागच्या अंगाला आमची ती बैठी चाळ होती. आठ खोल्या, एक नळ, समोर लांबलचक ओटा, आणि ओट्यावर सदानकदा कुणाची तरी पाय पसरून बसलेली म्हातारी. घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत. भोंगा झाला की चाळ हलायची. दादा चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातून आलेले. चाकणला तेव्हा लोक कांदा-बटाटा विकायला जात, नोकरीला नव्हे. शेजारच्या खोलीत राहत होते ते चिनी बापलेक. मुलगा पिंपरीच्या बाजारात दातांचा डॉक्टर, दुकानावर हातभर लांबीची रंगवलेली कवळी. त्याचे वडील लिनबाबा, ऐंशी कधीच ओलांडलेले. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, चीन त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि बोलायचे ते हिंदीत मराठी मिसळून, किंवा मराठीत हिंदी, जसं तोंडात येईल तसं.

आईने एकदा वाटीभर कण्या देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. कण्या म्हणजे ज्वारीच्या भरड्याची पातळ पेज, आमच्यात आजारी माणसाला देतात ती. आईची समजूत अशी की इतका म्हातारा माणूस आजारीच असणार. लिनबाबा दारात पाटावर ताठ बसले होते. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला आणि इतके खूश झाले की मला अपराध्यासारखं वाटलं. ते रोज सकाळी तांदळाची अशीच पेज खायचे, धडधाकट असताना, हौसेने! तेव्हा ते हसले आणि मी पाहिलं: तोंडात सगळे दात. वर-खाली एकही फट नाही, किडका नाही, सोन्याचा नाही. आमच्या आईच्या पस्तिशीतच चार दाढा गेल्या होत्या, आणि तिला साखरेच्या पाण्याचीही धास्ती. मी धीर करून विचारलं, "बाबा, पहाटे तो आवाज कसला येतो?" त्यांनी ओठ मिटले आणि दातांवर दात आपटले, टक. "बेटी, मी विचारतो, सगळे घरी आहेत का? छत्तीस वेळा विचारायचं. विचारलं नाही तर एक एक निघून जातो, सांगत पण नाही."

त्यानंतर मी कॉलेजला निघण्याआधी रोज त्यांच्या दारात घटकाभर बसू लागले. वाचलं-ऐकलं तर पुष्कळ आहे मी पुढे, पण त्या दारात मला जे दिसलं तसं पुन्हा कुठे दिसलं नाही. दात वाजवून झाले की ते जीभ हिरड्यांवरून सावकाश फिरवत, तोंडात जमलेली लाळ तीन घोटांत गिळत, आणि प्रत्येक घोटाबरोबर डोळे मिटून तो पोटात कुठवर गेला ते जणू बघत. मग तळवे घासून गरम करायचे आणि डोळ्यांवर ठेवायचे. बोटांनी केस विंचरायचे, असले नसले तेवढे. मग श्वास. श्वास घेताना छाती हलायचीच नाही. पोट जरासं, आणि नंतर तर तेही नाही. मी एकदा त्यांच्या नाकासमोर कोंबडीचं पीस धरलं, तर ते हललं नाही. मी घाबरून "बाबा!" म्हणून ओरडले तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "इथं आहे. टाचेपर्यंत गेलो होतो, येतोय." सगळं अंग ते असं हाताळायचे की जणू घरी फार मोठा पाहुणा आला आहे आणि त्याचं काही कमी पडायला नको.

त्यांचे नियम अनेक होते आणि सगळे साधे. पोटात दोन घास जागा असताना उठायचं. जेवून शंभर पावलं चालायचं, मग लवंडायचं. फार वेळ एकटक बघायचं नाही, फार वेळ बसायचं नाही, उभं राहायचं नाही, पडायचंही नाही. थंडीत लवकर निजायचं आणि उन्हाची वाट बघून उठायचं. घाम आलेला असताना वाऱ्याला बसायचं नाही. राग आला तर आधी पाणी प्यायचं. त्यांच्या घराण्यात हे सगळं ताओ मानणाऱ्या फार जुन्या माणसांकडून आलं होतं. ताओ म्हणजे वाट, एवढंच त्यांनी मला सांगितलं. जीव सांभाळणं हेच त्या माणसांचं मोठं काम, बाकीचं त्यातून वेळ उरला तर. आता माझी सून ताथवड्याला कॉलेजात शिकवते, तिच्या मनगटावरचं घड्याळ तिला दर तासाला थरथरून सांगतं की उठा, चाला, श्वास घ्या. चऱ्होलीच्या आमच्या नवव्या मजल्यावर ती त्या घड्याळाचं ऐकते, माझं ऐकत नाही. चालायचंच, घड्याळ महागातलं आहे.

चाळीला या सगळ्याची गंमत वाटायची. दादा म्हणायचे, "बैलानं खुरं मोजीत बसावं तसं हाय ह्यांचं. शरीर झिजवायला दिलंय का पुजायला?" आई मात्र गप्प असायची, कारण लिनबाबांच्या सांगण्यावरून मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केल्यापासून तिची एक हलणारी दाढ थांबली होती. मी एकदा लिनबाबांना सरळच विचारलं की एवढी काळजी कशासाठी, तुमचं आता काय राहिलंय. सोळाव्या वर्षी माणूस असलं निर्दय काहीही विचारतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, चीनशी लढाई झाली तेव्हा त्यांना घरच्यांसकट गाडीत घालून राजस्थानात छावणीत नेऊन ठेवलं होतं. दुकान गेलं, घर गेलं, बायको तिथल्या उन्हाळ्यात गेली. "तिथं माझं काही नव्हतं. वाटीसुद्धा सरकारची. फक्त हे माझं होतं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "ते पण सोडून दिलं असतं तर मुलाला बाप कोण?" तेव्हापासून मला ती पहाटेची टकटक वेगळीच ऐकू यायला लागली. मी अंथरुणात पडून ऐकायचे. तारेच्या कुंपणाआड, वाळूत, तो माणूस रोज पहाटे उठून दात मोजत होता.

आता दादांच्या हाताचं सांगायला हवं. दादांच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, पत्रा लावताना प्रेस एकदा पडला तसा लगेच दुसऱ्यांदा पडला, आणि हात आत होता. मी तेव्हा दोन वर्षांची. आमच्याकडे प्रेसवाल्यांत तुटकी बोटं इतकी होती की लग्नातल्या टाळ्यांच्या आवाजावरूनच वऱ्हाड प्रेसवाल्यांचं आहे हे कुणीही ओळखेल, असं म्हणत. दादा तोवर कंत्राटी कामगार होते; दर सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे घरी बसवायचं आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचं, म्हणजे कायम करायला नको. पण हात गेल्यावर युनियनने धरून लावलं आणि कंपनीने त्यांना परमनंट केलं, स्टोअरमध्ये बसवलं. ही गोष्ट दादा हसत सांगायचे. सांगताना तो हात वर करून तीन बोटं हलवायचे. आम्ही ती इतक्यांदा ऐकली होती की आम्हाला ती दुःखाची वाटतच नव्हती, उलट आमच्या घराण्याला मिळालेल्या एखाद्या बक्षिसासारखी वाटायची.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. एका गुरुवारी संध्याकाळी सगळी चाळ ओट्यावर शेंगा खात बसली होती आणि कुणीतरी लिनबाबांना म्हणालं, तुमच्याकडची एखादी जुनी गोष्ट सांगा. ते म्हणाले, गोष्ट नाही, सवाल आहे. त्यांच्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी घातलेला, आणि त्याच्याही मागे किती जुना कुणास ठाऊक. "समजा राजा आला. म्हणाला, सगळं राज्य तुझं. जमीन, नदी, माणसं, सगळं. फक्त तुझा एक हात इथं ठेव. देणार?"

"डावा चालंल का?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. मग चर्चा सुरू झाली; एक जण म्हणाला हात नको, पायाचं बोट चालतंय का विचारा, दुसरा म्हणाला आधी राज्याचा सातबारा बघू. दादांनी हे सगळं होऊ दिलं आणि मग आपला तो हात वर केला. "बाबा, तुमचा राजा उशिरा आला. आमी दिलंबी आन घेतलंबी. दोन बोटं दिली, परमनंट झालो. पोरं शिकली, डोक्यावर पत्रा आला. स्वस्तात पडलं म्हना." सगळे खो खो हसले. लिनबाबा हसले नाहीत. ते दादांच्या हाताकडे बघत राहिले, मग त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि शंभर पावलं चालायला उठून गेले. मी त्यांच्या मागे गेले. ते म्हणाले, "जुनी माणसं नाही म्हणायची. राज्य सोडून डोंगरात निघून जायची. राज्य दुसरं मिळतं." एवढं बोलून ते पावलं मोजायला लागले. ओट्यावर सिधू बसला होता. तो हसतही नव्हता आणि बोलतही नव्हता, हे मला आठवतं, कारण एरवी चाळीतला सगळ्यात मोठा हसणारा तोच.

सिधू भोसरीच्या एका कंपनीत प्रेसवर होता, तीन वर्षं कंत्राटी. तीन-चार ब्रेक पचवून झाले होते आणि पुढच्या शनिवारी नवा ब्रेक लागणार होता. त्यात त्याचं एका मुलीशी जमत आलं होतं, थेरगावची, शिवणकाम करणारी, हसरी. मुलीचे वडील दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा आईच्या हातचं पिठलं बोटं चाटून खाल्लं आणि दोन्ही वेळा जाताना एकच विचारलं, "पोरगं परमनंट कधी व्हतंय?" तिसऱ्यांदा ते आले नाहीत. निरोप आला की दुसरीकडे बघतोय. सिधूने निरोप ऐकला आणि भाकरी तशीच ठेवून उठला. आमच्याकडे ताटावरून कुणी असं उठत नसे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत पाणी आणायला गेले तर सिधू आत उभा. त्याने डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळहातावर दुमडून आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने आवळून बांधलं होतं. उरलेल्या बोटांनी तो शर्टाची बटणं लावत होता. लावायची, काढायची, पुन्हा लावायची. मग त्याने बादली उचलून पाहिली. मला बघून दचकला. "काय करतोस?" मी विचारलं. "खाजवतंय बोट, म्हनून बांधलंय," तो म्हणाला. खाजणारं बोट कुणी दुमडून बांधतं का? मी तशीच बाहेर आले. दुपारी त्याने आईला सहज विचारल्यासारखं विचारलं की दादांना लागल्यानंतर किती दिवसांनी परमनंटची ऑर्डर आली. आई म्हणाली, दोन महिन्यांत. त्याने मान हलवली. माझ्या हातातलं वाटण पाट्यावरच राहिलं. मला कळलं. तो लागण्याची वाट बघणार नव्हता, लावून घेणार होता, आणि शनिवारच्या आत.

दादांना सांगायची माझी छाती झाली नाही. आईला सांगितलं असतं तर तिने हंबरडा फोडला असता आणि सिधूने सरळ नाकारलं असतं. मी लिनबाबांकडे गेले. ते पेज खात होते. मी सगळं सांगितलं, रडत, उलटसुलट. मला वाटलं होतं ते काहीतरी मोठं, शहाणपणाचं सांगतील. त्यांनी अर्धी उरलेली वाटी खाली ठेवली आणि ती पुन्हा उचलली नाही.   मग म्हणाले, "माझं सांगून नाही होणार. मी म्हातारा चिनी आहे, दात मोजतो. त्याने बापाचं ऐकलं आहे. बापच सांगेल." मी म्हटलं दादा तर हसतात. ते म्हणाले, "हसू दे. मी विचारतो."

गुरुवार आला. पौर्णिमाही होती, म्हणून सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून बुद्धवंदना आणि पंचशील म्हटलं आणि आईने तांदळाची खीर केली. लिनबाबांना आम्ही जेवायला बोलावलं, म्हणजे त्यांनी मला तसं सुचवलं आणि मी आईला. आईने भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम मऊ भात केला. सिधू भिंतीला टेकून बसला होता. लिनबाबा आधी नेहमीसारखे सावकाश जेवले, प्रत्येक घास किती वेळ चावायचा ते त्यांचं ठरलेलं. मग दादांच्या डाव्या हाताकडे बोट करून, पावसापाण्याचं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "ती दोन बोटं कुठं आहेत?"

"कुठली?" दादा म्हणाले.

"तुमची."

दादा हसले. हात वर करून तीन बोटं हलवली. "दिली न्हाई का राजाला!" पण या खेपेला कुणी हसलं नाही. लिनबाबा वाट बघत राहिले. वाट बघणं त्यांना फार चांगलं यायचं. दादांनी सिधूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी रडते आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी हात हळूच मांडीखाली घेतला. तो हात ते असा मांडीखाली घ्यायचे हे मी जन्मभर बघत होते, आणि मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"मुकादमानं चिंध्यांत गुंडाळली," दादा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "कंपनीच्या मागं लिंबाचं झाड हाय, त्याच्याखाली पुरली म्हनला. दवाखान्यातनं सुटलो तवा मी गेलतो. कुनाला न सांगता. तीन जागी उकरलं. न्हाई गावली. कुत्र्यानं नेली का काय, कुनाला ठावं." आईने तोंडाला पदर लावला. चौदा वर्षांत हे तिलाही ठाऊक नव्हतं. दादा थांबले नाहीत. "थंडीत दुखत्यात. न्हाईत, तरी दुखत्यात. रातीला वाटतं करंगळीला मुंगी चावतीया, आन खाजवाय जावं तर तिथं काय न्हाईच. आन ही पोरगी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "दोन वरसांची व्हती. दवाखान्यातनं आलो आन उचलली, तर हात बघून असं किंचाळली. दुसऱ्या दिशीबी तसंच. मग म्यां ह्या हातानं हिला कधी धरलीच न्हाई."

सिधू भिंतीला टेकलेला होता तो पुढे सरकला. "मंग रोज हसून का सांगता दादा?" तो जवळजवळ ओरडला. "सगळ्यांम्होरं हात वर करून? स्वस्तात पडलं म्हनून?"

"परमनंट झालो ते खोटं न्हाई," दादा म्हणाले. "स्वस्तात पडलं ते खोटं हाय. तसं म्हनलं न्हाई तर रोज त्याच गेटातनं आत कसा गेलो असतो, सांग." आणि ते रडायला लागले. माझे वडील, जे आजी गेली तेव्हा रडले नव्हते, ते भाकरीच्या ताटावर वाकून रडले. आई उठून सिधूसमोर जाऊन बसली. ऑर्डरचे दिवस त्याने का विचारले होते ते तिला आता न सांगता कळलं होतं. ती म्हणाली, "सकाळी माझ्यासंगट म्हनलास ना, जीवाला इजा करनार न्हाई म्हनून? त्यात तुझा जीव येत न्हाई व्हय रं?"   सिधू चपला घालून निघून गेला. लिनबाबांनी आपली वाटी धुऊन पालथी घातली आणि दादांच्या शेजारी बसून राहिले. फार वेळ बसू नये हा त्यांचा नियम होता, पण त्या दिवशी ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत.

पुढे मी पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. तुटलेली, चेंगरलेली, शिवलेली कितीतरी बोटं या हातांतून गेली, आणि ड्रेसिंग करताना दर वेळी मनात एक हिशोब यायचाच की याच्या बदल्यात याला काय मिळालं असेल. माणसाचं बोट ही काय चीज आहे ते पुस्तकात शिकवतात, हाडं तीन, शिरा अमुक. पण तिच्यापुढे थक्क व्हायचं असतं हे मी त्या गुरुवारी शिकले होते. लिनबाबा त्यानंतर सहा वर्षं जगले आणि एका पहाटे झोपेतच गेले. त्यांच्या मुलाने सांगितलं, तोंडात सगळे दात होते.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सिधूची सकाळची पहिली शिफ्ट होती. तो पहाटे उठला आणि डबा घेऊन गेला. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी मला म्हणाले, "चल." भोसरीच्या त्या गेटासमोर आम्ही दोन वाजल्यापासून उभे होतो. आतून प्रेसचे आवाज येत होते, धाड, धाड, आणि प्रत्येक धाडीला दादांचे डोळे मिटत होते. मध्येच एकदा सगळे आवाज थांबले. दादांनी उजव्या हाताने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मग आवाज पुन्हा सुरू झाले, आणि चहावाल्याने सांगितलं की चहाची वेळ झाली होती, दुसरं काही नाही. साडेतीनला भोंगा झाला. माणसं बाहेर यायला लागली, सायकली, डबे, गलका. सिधू दिसेना. गर्दी ओसरत आली तेव्हा तो आला, सगळ्यांच्या मागून, मान खाली, आणि डावा हात पँटच्या खिशात.

दादा पुढे झाले. "हात भाईर काढ," ते म्हणाले. सिधू उभा राहिला. "काढ रं." त्याने हात बाहेर काढला. तेलाने काळा, धुतलेलाही नाही, आणि पाच बोटं. दादांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि रस्त्यावर, गेटासमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत एक एक बोट चाचपून पाहिलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि मग करंगळी धरूनच उभे राहिले. सिधू म्हणाला, "उद्याच्याला देनार व्हते, आजच दिला ब्रेक. पुन्हा घेत्याल का न्हाई ठाव न्हाई." खरंच त्यांनी त्याला पुन्हा घेतलं नाही. तो कुठेच परमनंट झाला नाही, थेरगावच्या मुलीचं दुसरीकडे झालं, आणि टेम्पो चालवूनच त्याने पुढे आपला संसार केला. पण त्या क्षणी दादा एवढंच म्हणाले, "देऊ दे."

मग आम्ही निघालो. सिधूचा हात दादांनी उजव्या हातात घेतला होता, बावीस वर्षांच्या मिशीवाल्या मुलाचा, आणि सिधूने तो सोडवून घेतला नाही. मोठा रस्ता आला. ट्रकमागून ट्रक जात होते. दादा कडेला थांबले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी डावा हात पुढे केला. मी सोळा वर्षांची होते, रस्ता ओलांडायला मला कुणाचा हात लागत नव्हता. मी तो धरला. तो गरम होता, खरखरीत होता, आणि जिथे दोन बोटं नव्हती तिथे माझी दोन बोटं नीट बसली.